जयमालाच्या यादीतले चौदा नंबर

जयमाला साळवे विद्यापीठाचा बिझनेस ॲनालिटिक्सचा कोर्स करते. हे वाक्य मी आमच्या ऑफिसच्या फळ्यावर खडूने लिहून ठेवलंय. पुसायला जाईल त्याची गाठ माझ्याशी आहे. ऑफिस म्हणजे नागापूरच्या एमआयडीसीत भेळेच्या गाडीमागची पत्र्याची खोली. कंत्राटावरच्या बाया तिथे येतात, मी त्यांचे अर्ज लिहिते आणि साहेबांशी भांडते. शाळा नववीत सुटली. पुढचं सगळं मी कामगार ऑफिसच्या पायरीवर शिकले, थोडं पोलीस स्टेशनच्या बाकावर. म्हणून हा कोर्स काय असतो ते जयमालालाच विचारावं लागलं.

"मावशी, तू गेटवर उभी राहून कोण कशी आली, कोण आली नाही हे बघतेस ना? तेच. फक्त आकड्यांवरून."

"म्हणजे माझंच काम, एसीत बसून."

"आमच्या वर्गातला एसी बंद आहे."

पोरगी अशी. फटकन उत्तर देणारी. तिची आई कलाबाई, माझ्या बरोबरीची, जामखेडकडून लग्न होऊन इकडे आली तेव्हा अंगठा उठवायची. पुढे जयमाला पहिलीत गेली. शाळेतून आली की पाटी आईच्या मांडीवर ठेवायची आणि म्हणायची, "लिही, क." तीन महिन्यांत कलाबाई 'कलाबाई उत्तमराव साळवे' अशी पूर्ण सही करायला लागली. त्या दिवसापासून अंगठा बंद. रेशनपासून बचत गटापर्यंत कुणी शाईचा पॅड पुढे सरकवला की बाई म्हणायची, "ते ठिवा तिकडं. पेन द्या."

त्या घरातली ही पोरगी. कोर्सला गेली तेव्हा लॅपटॉप जुना, त्याचं एक बटण निघालेलं, तिथे ती पेनाचं टोक खुपसायची. सर इंग्रजीत बोलायचे, ती वहीत मराठीत उतरवायची. पहिल्या आठवड्यात शेजारच्या बाकावरच्या पोराने विचारलं, "तुझं बॅकग्राउंड काय?" ही म्हणाली, "मागे भिंत आहे." दुसऱ्या सेमिस्टरला तोच पोरगा "जया, माझा फॉर्म्युला बघ ना" करत तिच्यामागे. वर्गात तिची जोडी जमली इन्शाशी. इन्शाच्या अब्बांचं गॅरेज आहे. दोघींना हात काळे करून काम करणारी माणसं माहीत, म्हणून जमलं असावं.

शेवटच्या सेमिस्टरला सरांनी दोघींना खऱ्या कंपनीचं काम दिलं. कंपनीचं नाव मी लिहीत नाही. आमचं भांडण तिथे अजून मिटलेलं नाही. चौदा महिन्यांची हजेरी मशीनमधून काढून दिली होती. कलाबाईही तिथेच कंत्राटावर, पण फाईलमध्ये माणसांची नावं नाहीत, फक्त टोकन नंबर. कोण सारखं गैरहजर असतं, ते शोधायचं. जयमालाने आधी आकडे साफ केले. हे साफ करणं म्हणजे घर झाडण्यासारखंच, ती सांगते, अर्धवट नोंदी बाजूला काढायच्या. ज्या दिवशी आत आल्याची किंवा बाहेर गेल्याची एकच वेळ होती, तो दिवस तिने सरळ गैरहजर धरला. पुस्तकात तसंच शिकवलेलं. खाली चौदा नंबर लाल झाले. सरांनी वर्गासमोर पाठ थोपटली. कंपनीच्या एचआर साहेबांनी यादी मागून नेली.

त्यानंतर चार दिवसांनी कलाबाई आणि आणखी सहा-सात बाया माझ्या खोलीत आल्या. जयमालाही आईला घ्यायला आली होती, दारात उभी.

"भारते, एक तारखेपासून चौदा बायांना बंद करनारेत," कलाबाई मला म्हणाली. "समद्या आमच्या धुलाई खात्यातल्याच. कॉलेजच्या पोरांनी कॉम्प्युटरवर काढलंय म्हनं."

माझं डोकं फिरलं. जे तोंडात आलं ते त्या पोरांना बोलले. आयतं खाणारी, ऊन न पाहिलेली, आणखीही बरंच, ते इथे छापता येणार नाही. "उद्या त्या कॉलेजवरच मोर्चा नेते," म्हटलं. बाया हसल्या. जयमाला हसली नाही. ती आईजवळ येऊन बसली.

"आई, तुझा टोकन नंबर काय?"

"बावीस सतरा. का गं?"

पोरीने मोबाईलवर यादी उघडून नंबर बघितला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मावशी, ती पोरं म्हणजे मीच."

मी तिला काय बोलले ते लिहीत नाही. कलाबाईने मात्र आवाज चढवला नाही. तिने एवढंच विचारलं, "मी गैरहजर? अगं, सणाला तरी मी घरी हुते का?"

"मशीनमध्ये तसंच आहे, आई."

"आन तू मशीनला इचारलं. मला न्हाई."

जयमाला उठली. दारात थांबून मला म्हणाली, "मोर्चा तीन दिवस थांबव. सत्तावीसला कॉलेजात शेवटचं सादरीकरण आहे, एचआर साहेब येणार आहेत. आत्ता गेलीस तर ते कागद दाखवतील आणि तुझ्याकडे फक्त आवाज असेल."

मला राग आला. खरं बोललं की मला येतोच.

घरी जाऊन तिने साफ करायच्या आधीची फाईल उघडली. बावीस सतराच्या एका तारखेवर नजर अडकली. त्या दिवशी आई डबा विसरली होती आणि जयमालाने स्वतः गेटवर नेऊन दिला होता. फाईलमध्ये त्या दिवशी सकाळची नोंद नव्हती, पण संध्याकाळी बाहेर पडल्याची होती. तिने इन्शाला फोन लावला. "इन्शा, जी बाई सकाळी आत आलीच नाही, ती संध्याकाळी बाहेर कशी पडली?"

इन्शा म्हणाली, "या अल्ला. किती दिवस असे?"

चौदा नंबरांचे मिळून शेकडो. सगळे धुलाई विभागातले. तिथे बाया कानसीने ॲल्युमिनियमच्या भागांच्या कडा घासतात आणि औषधाच्या पाण्यात ते धुतात. बोटांवरच्या रेघा झिजून जातात. सकाळी कोरडा अंगठा मशीन ओळखत नाही. संध्याकाळी, दिवसभर तेला-पाण्यात मऊ झालेला असला, तर कधी कधी ओळखतं. बरेच दिवस दोन्ही वेळा नाही.

"मग पगार कसा निघायचा?" जयमालाने आईला विचारलं.

"सहादेवची वही हाय ना. मशीननं न्हाई घेतलं की आमी वहीत सही करतो. कंत्राटदार वहीवरनंच पगार काढतो."

सहादेव त्यांचा सुपरवायझर. त्याची ती वही कंपनीच्या ऑफिसने कधी मागितलीच नव्हती. मी त्याला गाठलं. तो घाबरला. "ताई, माझी नोकरी जाईल." मी गरम व्हायच्या आत जयमाला म्हणाली, "दादा, तुमचं नाव कुठे येणार नाही. पण हे तुम्ही चौदा महिने नीट लिहिलंय, कंपनीत दुसऱ्या कुणी लिहिलं नाही." सहादेवने वही दिली. माझ्या शिव्यांनी ती मिळाली नसती, हे मला कबूल करावं लागतं.

सत्तावीसला कलाबाईने इस्त्रीचं पातळ नेसलं आणि आम्ही दोघी कॉलेजात मागच्या रांगेत बसलो. सर पुढे, शेजारी एचआर साहेब. जयमालाने पहिली यादी पडद्यावर आणली आणि म्हणाली, "ही यादी चुकीची आहे. आकडे मी साफ केले होते. चूक माझी आहे."

वर्गात चुळबुळ झाली. सरांचं तोंड उतरलं. इन्शा उभी राहून म्हणाली, "सही दोघींची आहे, सर. चूकही दोघींची."

मग जयमालाने एकेक दाखवलं. सकाळ नसलेली संध्याकाळ. एकच विभाग. वहीतल्या तारखा. तिचा आवाज कापत होता, आकडे कापत नव्हते.

साहेब म्हणाले, "मशीन खोटं बोलतं असं म्हणायचंय का तुम्हाला? वहीत काय, कुणीही सही मारेल."

जयमालाने पिशवीतून शाईचा पॅड काढला. "सर, तुमचा अंगठा द्याल?"

साहेब हसले, पण दिला. कागदावर रेघा लख्ख उठल्या. मग तिने मागे बघितलं. "आई."

कलाबाई माझ्या कानात पुटपुटली, "सोळा-सतरा वर्षं झाली शाईचा अंगठा उठवून." तरी गेली. तिने अंगठा दाबला. कागदावर निळा डाग पडला, एकही रेघ नाही. दुसऱ्यांदा दाबला, तसाच डाग. कलाबाईने पदराला बोट पुसलं आणि साहेबांच्या खिशाकडे हात केला.

"पेन द्या."

डागाखाली तिने पूर्ण सही केली. जयमालाने वहीचं पान शेजारी धरलं. तोच 'क', त्याच्या पोटात तीच गाठ. पाटीवर ती गाठ काढायला शिकवली होती पहिलीतल्या जयमालानेच.

साहेबांनी दोन्ही सह्या ताडून बघितल्या. मग विचारलं, "मावशी, तुम्ही धुलाईत आहात?"

"बावीस सतरा," कलाबाई म्हणाली. "ही माझी पोरगी."

हे ती ज्या आवाजात म्हणाली, तो मी गेटवर माईक लावूनही कधी काढू शकले नाही.

यादी त्याच संध्याकाळी मागे घेतली. पुढच्या महिन्यात धुलाईला अंगठ्याऐवजी गळ्यात घालायची कार्डं आली. बोटांना हातमोजे मात्र अजून आलेले नाहीत, त्यासाठी माझा अर्ज पडून आहे आणि मी तो पडू देणार नाही. सरांनी अहवालातून पहिली यादी काढून टाका म्हणून सुचवलं होतं. दोघींनी काढली नाही. चुकीसकट छापली, खाली कारण लिहून. मार्क किती पडले ते मी विचारलं नाही, मला त्यातलं कळत नाही. ते पान मी फ्रेम करून फळ्याशेजारी लावलंय.

परवा सहादेव भेटला. म्हणाला, "ताई, कलामावशींना सांगा जरा. कार्ड चालतंय, तरी रोज सकाळी सहीला वही मागतात. म्हटलं, आता गरज न्हाई."

"मग काय म्हणाली?"

"म्हनल्या, तुला गरज नसंल. मला हाय."