काटवलाची जागा

“सांगून तं पाहा! एक शब्द जरी तोंडातून गेला, तं आज घरात चूल पेटणार नाई!”

पळसाच्या झुडपाआडून माझी बायको अशी कडाडली, की तिकडे पवनारला धाम नदीतले मासे उलटे पोहायला लागले असतील. चूक माझीच. जिल्ह्याहून तपासणीला आलेल्या मॅडमना मी नुसतं एवढंच म्हणालो होतो, “इथं काटवलं होतात. कुठं होतात, ते हिला ठाऊक आहे.”

आमच्याकडची बाई दागिन्यांचा डबा कुठं ठेवलाय ते शेजारणीला सांगेल, पण काटवलाचा वेल कुठं आहे ते सख्ख्या बहिणीला सांगणार नाही. पावसाळ्यात रानात आपोआप येणारी ही काटेरी, हिरवी भाजी. वर्ध्याच्या बाजारात टोपली खाली टेकायच्या आत संपते. जिला वेल ठाऊक, तिचा मान गावात सरपंचापेक्षा दोन बोटं वर.

आणि त्या दिवशी तर अख्खा माळ पणाला लागला होता. गावामागचं आमचं झुडपी जंगल कागदावर नुसतं ‘पडीक’. तिथून मुरूम खोदून न्यायचा प्रस्ताव आला होता. पोकलेन यायचाच बाकी होता. माळ वाचवायचा रस्ता एकच. गावाच्या जैवविविधता नोंदवहीत ही जागा पशुपक्ष्यांनी आणि वनस्पतींनी भरलेली आहे, अशी नोंद व्हायला हवी होती आणि ती मॅडमना पटायला हवी होती.

नोंदवही लिहायचं काम माझ्याकडे, कारण अक्षर मोत्यासारखं. लिहिलीही मी मन लावून. वाघ लिहिला, त्याची शेपटी म्हणजे पुलगावहून निघालेली मालगाडी, डबे संपता संपत नाहीत. अजगर लिहिला; तो कूस बदलतो तेव्हा पिपरी मेघेच्या नव्या बंगल्यांच्या खिडक्या थरथरतात. मॅडमनी लाल पेनानं पहिली चार पानं उभीच्या उभी कापली. पाचव्या पानावर ससा, घोरपड आणि तित्तर होते. ते अगदी खरे होते हो! पण माझ्या वाघानं त्यांनाही खाऊन टाकलं होतं.

“काका, तुम्ही दाखवा, मी लिहिते,” मॅडम शांतपणे म्हणाल्या.

दोन तास हिंडलो. मॅडम, मी, बायको आणि माझी मोठी वहिनी. ऊन असं, की आमच्या सावल्याच सावली शोधत होत्या. एरवी पायात पायात येणारं रान त्या दिवशी दडी मारून बसलं. साधा सरडाही मान वर काढेना. शेवटी मॅडमनी पेनाचं टोपण काढलं. “फक्त झुडपं आहेत, असं लिहावं लागेल.”

याच माळावर मी गुरं राखली, याच माळावर माझे सगळे वाघ जन्मले. बायको त्या पेनाकडे बघत होती. मग तिनं पदर खोचला.

“थांबा, मॅडम. लिहू नोका.”

ती सरळ बोरीच्या जाळीत घुसली, काट्यांची एक फांदी उचलून धरली, आणि आत काटवलाचा वेल, फळांनी नुसता लगडलेला.

“अवो माय!” वहिनी किंचाळली. “हे तं माही जागा हाय! तुले कोनं सांगतली वं?”

“तुमचं नाव लिवलं हाय का बाई, त्या वेलावर?”

“सात वर्सं झाले, लपतछपत येऊन राह्यली मी इथं!”

“मंग मी काय बँड लावून येऊन राह्यली?”

दोघींचे आवाज असे चढले की आभाळाला तडा जावा. जाळीतून तित्तरांचा थवा फर्रकन उठला. ससा माझ्या पायांमधून सुटला. दोन मोर ओरडत पळाले, आणि एक घोरपड मान वर करून भांडण बघत बसली. मॅडमचा हात थांबेना. “भांडा, ताई, भांडा! थांबू नका!” त्या लिहिता लिहिताच म्हणाल्या.

वहिनी दम घ्यायला थांबली तेवढ्यात बायको मॅडमकडे वळली. “नाल्यापल्याडचंही लिहून घेजा बरं. तेही रानच हाय. सोडू नोका.”

मॅडमनी नाल्यापल्याडही फिरून नोंदी केल्या.

पुढं मुरमाचा प्रस्ताव रद्द झाल्याचा कागद आला. मी इतका मोठा सुस्कारा टाकला की ग्रामपंचायतीतलं कॅलेंडर तीन महिने पुढं गेलं. माळ जागच्या जागी होता, तित्तर होते, बोरी होत्या. कागद नाचवत घरी आलो. बायको भाजी निवडत बसली होती. तिला पाहून मात्र वाईट वाटलं.

“माळ वाचला,” मी म्हटलं, “पन तुही जागा गेली वं. गावभर झाली.”

तिनं मान वर न करता सांगितलं, “ते तुमच्या वहिनीचीच होती. माही नाल्यापल्याड हाय.”