भोंगाताईंची कुजबूज

भोंगाताईंचा पहिला फोन आला तेव्हा मी रिसीव्हर हातभर लांब धरला होता, तरी शेजारच्या इमारतीतले दोघेजण रक्त द्यायला निघाले. मी ‘हॅलो’ म्हणायच्या आत रक्तपेढीच्या खाटेवर आडवा होतो, हे आजही शपथेवर सांगेन. पुढे त्यांच्या संस्थेत बिनपगारी रुजूही झालो. नाही म्हणायला फटच मिळाली नाही.

रक्तदाते जमवणं हे ताईंचं काम. आधी त्या टेलिफोन ऑपरेटर होत्या, त्यामुळे दुनियेला कमी ऐकू येतं अशी त्यांची पक्की समजूत. प्रत्येक दात्याशी नातं भांडणाचं. “मेल्या, रक्त काय व्याजाला ठेवलंयस?” असं विचारलं की माणूस मुकाट यायचा.

नव्या संचालकांना हे रुचेना. त्यांनी आपोआप संदेश पाठवणारी यंत्रणा आणली. भाषा मृदू हवी, लोक हल्ली दुखावतात, असं त्यांनी ताईंना समजावलं. ताईंनी मान डोलावली आणि पुढच्या दात्याला झापलं.

नेमका त्यांचा घसा बसला, त्याच दिवशी खालच्या मजल्यावरच्या रक्तपेढीतून निरोप आला. बाळंतपणात एका बाईचा रक्तस्राव थांबत नव्हता. गट दुर्मीळ, साठा संपलेला. तिचा नवरा आमच्या बाकावर येऊन बसला. मांडीवर पिशवी, पिशवीत बायकोच्या चपला.

संचालकांनी संदेश सोडला. मागे उगवता सूर्य, वर मजकूर : ‘आपल्या अमूल्य योगदानाने एका जीवनवेलीवर आशेची फुले उमलवूया.’ उत्तरं धडाधड आली. सगळी हात जोडल्याची चित्रं. एकाने उलट गुलाब पाठवला. लोकांना ती सकाळची शुभेच्छा वाटली होती. दुपार कलली होती याकडे कोणाचं लक्ष गेलं नाही.

मी फोन लावत सुटलो. माझा अनोळखी नंबर कोणी उचलेना. खालून पुन्हा विचारणा झाली. संचालक पडद्याकडे बघत होते. संदेश सगळ्यांनी वाचला होता.

“येतंय का कोणी?” नवऱ्याने विचारलं.

ताई उठल्या. मफलर सोडला, स्वतःचा फोन तोंडाशी धरला आणि त्या गटाच्या प्रत्येक दात्याला आवाज रेकॉर्ड करून निरोप पाठवला. आवाज जेमतेम कुजबुजण्याएवढा.

“मी बोलतेय. बाई मरतेय. ये.”

थोड्याच वेळात जिन्यावर पावलं वाजली. एकजण न्हाव्याच्या खुर्चीतून अर्ध्या दाढीनिशी आला होता. त्यामागे आणखी दोघे, धापा टाकत. जिने आयुष्यात हळू आवाजात वेळसुद्धा विचारली नाही, तिची कुजबूज ऐकून सगळ्यांची पाचावर धारण बसली होती. मी त्यांना तसंच खाली पिटाळलं.

बाई वाचली, बाळही वाचलं. नवरा चपलांची पिशवी बाकावरच विसरला.

पुढे ताई निवृत्त झाल्या. संचालकांनी ती कुजबूज जपून ठेवली आहे. हल्ली गरज पडली की यंत्रणा तीच सगळ्यांना पाठवते. उत्तरादाखल हात जोडल्याची चित्रं येतात.