इतर जुनी पुस्तकं

सदूभाऊ गेले ते कंपनीच्या बसमध्येच. इथे कतारमध्ये वर्ल्ड कपच्या स्टेडियमसाठी रस्ते खणलेले, वळसे घेत बस उशिरा अल खोरला पोचली. सगळे उतरले, भाऊ खिडकीला डोकं टेकून तसेच. "साब, घर आ गया," ड्रायव्हर दोनदा म्हणाला म्हणे... हे मला नलूनं, त्यांच्या बायकोनं, दारातच सांगितलं. तीन महिने झाले. अजून बसचा ब्रेक वाजला की मी खिडकीशी जाते.

अकरा वर्षं आमची भिंतीला भिंत. भाऊ गॅस प्लांटवर इंजिनियर, आणि वेड कसलं म्हणाल, तर साडेतीनशे वर्षांपूर्वी इंग्लंडातल्या एका खेड्यात वारलेल्या पाद्रीबुवाच्या पुस्तकांचं! बुवा गेल्यावर शेजाऱ्यांनी घरातल्या वस्तूंची यादी केली होती, तिची नक्कल भाऊंना कुठे तरी मिळाली. गाई, गाद्या, पातेली, सगळं नीट. थोडी पुस्तकं नावानिशी, आणि खाली एक ओळ, 'अदर ओल्ड बुक्स'. म्हणजे इतर जुनी पुस्तकं. ती ओळ भाऊंच्या तोंडी इतकी असायची की मलाही पाठ झाली.

"वहिनी, चमचे मोजले हो त्यांनी! आणि माणूस जन्मभर जे वाचत बसला, ते 'इतर'?"

"अहो, त्यांना वाचता येत नसेल. मी तरी सातवी पास, मी काय लिहिलं असतं?"

"विचारायचं ना कुणाला तरी!"

मग ते जगभरच्या ग्रंथालयांना मेल करत. बुवाची सही असलेलं पुस्तक कुठे निघालं की एक कार्ड लिहीत. शुक्रवारी चहाला ते मला कार्डं वाचून दाखवायचे, बुवा जणू परवाच गेलाय... "त्याच्या बायकोला घर सोडावं लागलं, वहिनी. घर चर्चचं, नवा पाद्री यायचा होता." नलू आतून म्हणायची, "आपलं तरी कुठे आपलं आहे? कंपनीचंच!"

तसंच झालं. महिन्याभरात व्हिला रिकामा करायचा होता. लॅपटॉप कंपनीचा, तो भाऊंच्या मेलांसकट परत गेला. नाशकाला सामान धाडणारा कार्गोवाला दारात घाई करत, "यल्ला मॅडम, लिस्ट!" नलू सुन्न बसलेली, म्हणून यादी मी लिहिली. मिक्सर, कुकर, पातेली, गौरीचे मुखवटे. पुस्तकांच्या कार्टनमध्येच कार्डांची खोकी. "इसमें क्या?" आणि माझ्या हातून, येतं तेवढ्या इंग्रजीत, उतरलं... अदर ओल्ड बुक्स.

माझ्या ध्यानातही आलं नाही हो. नाशकात नलूच्या पुतण्यानं सामान उतरवून घेतलं, त्यानं यादी वाचली. जागा लहान. तो कार्टन तेवढा रद्दीत दिला.

नलूनं फोनवर सांगितलं तेव्हा चहा उकळून ओट्यावर सांडला. तिला मी अजून बोलले नाही, ती ओळ माझी म्हणून. आज इथे लिहितेय.

कोऱ्या कार्डांचा एक गठ्ठा भाऊ माझ्याकडे ठेवून गेले होते. शुक्रवारी दोन कप मांडते, तो घेऊन बसते, भाऊंनी वाचून दाखवलेली कार्डं आठवतील तशी पुन्हा लिहिते. मधमाश्यांचं पुस्तक लिहिलं. हिब्रू व्याकरणाचं लिहिलं. तापावरच्या औषधांचं... चौथं काही केल्या आठवत नाही.

"विचारायचं ना कुणाला तरी!" भाऊ समोरून म्हणतात.

कुणाला विचारू, भाऊ?