शेकाचं यंत्र

तिला सगळे मास्तरीणबाई म्हणत. चाळीस वर्षं तिने गल्लीतल्या झाडून सगळ्यांचे कपडे शिवले. कोणाचं पोट किती सुटलं, हे तिला त्यांच्या बायकांच्या आधी कळायचं. तिच्या खांद्यांनी इतकी वर्षं निमूट काम केलं आणि मग संप पुकारला. आधी उजवा आखडला. डावा बिचारा एकटा किती ओढणार, तोही आखडला. कोपरापुढचे हात चालत, पण छातीच्या वर जायचं नाव नाही. शिलाई बंद झाली. वेणीसुद्धा सून घालायची, आणि तेच तिला सगळ्यात जास्त लागायचं.

डॉक्टर म्हणाले, आतपर्यंत शेक देणारं यंत्र येतं, घरीच रोज दोनदा घ्या, सहा महिन्यांत हात मोकळे होतील. दुकानदाराने पंधरा दिवस वापरून बघायला दिलं. शेकलं की तासभर हात वर जात. पहिल्याच दिवशी तिने आपली वेणी घातली, सोडली आणि पुन्हा घातली. काय आनंद झाला तिला! पण यंत्राची किंमत ऐकून सुनेने सरळ विमा कंपनीकडे अर्ज केला. कंपनीने कळवलं, आमचा माणूस येऊन गरज बघून जाईल.

आता मास्तरीणबाईंचा एक बाणा होता. अर्धवट कपडा गिऱ्हाइकाला दाखवायचा नाही. काजं, बटणं, इस्त्री, सगळं झाल्यावरच समोर धरायचं. त्याच बाण्याने तिने कंपनीचा माणूस यायच्या दिवशी दुप्पट वेळ शेक घेतला.

साहेब आले. फाईल उघडून म्हणाले, "काकू, हात वर करा बघू."

तिने दोन्ही हात ताडकन डोक्यावर नेले. वर कपाटावरचा बिस्किटांचा डबाही काढून दाखवला. "बघा साहेब, यंत्राची कमाल!"

"छान," साहेब म्हणाले आणि लिहू लागले. बिस्किटंही दोन खाल्ली.

आठवड्याने पत्र आलं. दोन्ही हात डोक्यावर जातात, सबब यंत्राची गरज दिसत नाही.

सुनेने कपाळावर हात मारला. "अहो आई, त्यांना दुखणं दाखवायचं होतं!"

"घरी आलेल्या माणसाला दुखणं काय दाखवायचं गं?" मास्तरीणबाई म्हणाली.

यंत्र दुकानात परत गेलं. चार दिवसांत खांदे होते तिथे आले. सुनेने पुन्हा अर्ज केला, खेटे घातले, तेव्हा कुठे कंपनी फेरतपासणीला कबूल झाली. येत्या आठवड्यात कधीही येऊ, ही शेवटची. सुनेने बजावलं, "आई, या वेळी काही करू नका. नुसत्या बसून राहा." मास्तरीणबाई बसून राहिली.

साहेब आले गुरुवारी अकराला. सून कामावर गेली होती. जाताना तिने दार ओढून घेतलेलं, आणि त्या दाराचं लॅच वर, डोक्याच्या उंचीला. बेल वाजली.

"आले, आले!" मास्तरीणबाई ओरडली. दारापाशी जाऊन हात उचलून पाहिले. छातीपाशी थांबले. दुसरी बेल. मला दार उघडता येत नाही, एवढं एक वाक्य बोलली असती तर काम फत्ते होतं. पण चाळीस वर्षं दारात ताटकळणाऱ्या गिऱ्हाइकाला तिने एकच उत्तर दिलेलं.

"झालंच, साहेब! पाचच मिनिटं!"

स्टूल पायाने ढकलत आणलं. भिंतीला खांदा टेकवत त्यावर चढली. तिसरी बेल वाजून गेल्यावर लॅच निघालं. बाहेर कोणी नव्हतं. दाराच्या फटीत चिठ्ठी खोचलेली होती.

"रुग्ण घरी हजर. तीनदा बेल देऊनही दार उघडले नाही. तपासणीस सहकार्य नाही. प्रकरण बंद."

तिने ती दोनदा वाचली. मग रडू आलं, आणि डोळे पुसायला हात पोचेना. स्टुलावर बसून ती खाली वाकली आणि गुडघ्यांनाच डोळे पुसले.