हजेरीची सही

संमतीसर न वाचता कशावरही सही करीत नसत. गॅस सिलिंडरची पावती असली तरी आधी चष्मा पुसणार, मग वाचणार. गॅसवाला उन्हात ताटकळत उभा!

इंदापूरच्या कॉलेजात ते आम्हाला राज्यशास्त्र शिकवत. तीनशे वर्षांपूर्वीचा एक इंग्रज विचारवंत म्हणजे त्यांचा जीव की प्राण. "सरकार कशावर उभं हाय? तुमच्या संमतीवर! आन् कुणी कुठला देव मानावा, हितं सरकारचा हुकूम चालत न्हाय," असं टेबलावर हात आपटून सांगत. म्हणून हे नाव पडलं.

निवृत्तीनंतर ते आमच्याच गावी राहिले. गेल्या वर्षी यात्रेआधी ग्रामसभा भरली. आमच्याकडं आधी रजिस्टर फिरतं, सगळे हजेरीची सही ठोकतात, अन् ठराव मागाहून वरच्या कोऱ्या जागेत लिहितात. मीही सही ठोकली आणि मोबाईल बघत बसलो.

मग सरपंच उठले. "यंदा यात्रेत परधर्माच्या माणसाचं दुकान न्हाय."

असा माणूस गावात एकच, रशीदभाई. त्यांच्या वडिलांपासून यात्रेत त्यांचं शेव-रेवडीचं दुकान. ते मागं खांबाला टेकून उभे होते. कुणी तिकडं बघेना.

सर ताडकन उठले. "ठराव आत्ता सांगताय, आन् सह्या आधीच घेतल्या? ही हजेरी हाय, संमती न्हाय!"

"गुरुजी, खाली बसा!" दोघं-तिघं बाह्या सारून पुढं आले. सर रजिस्टर उचलून माझ्यापाशी आले.

"संजय, ही सही तुझी. ठरावाला संमती हाय का? व्हय का न्हाय, एवढंच सांग."

सगळं गाव बघत होतं. रशीदभाईसुद्धा. फक्त "न्हाय" म्हणायचं होतं हो! तोंडच उघडेना लेकाचं. मी मान खाली घातली. सरांनी जरा वाट पाहिली आणि रजिस्टर मिटलं. ठराव झाला. यात्रेत रशीदभाईंचं दुकान लागलं नाही.

दिवाळीनंतर सर आजारी पडले. बारामतीच्या दवाखान्यात मी त्यांचे पाय धरले. "चुकलो, सर."

"अरं वेड्या, दुकान माझं बंद झालं का?" एवढंच म्हणाले. त्याच आठवड्यात गेले.

रशीदभाईंचं घर आमच्यापासून चौथं. दोनदा दारापर्यंत जाऊन परत फिरलो. स्वतःचीच लाज वाटते. परवा त्यांनीच हाक मारली, "संजयराव, या की, च्या घ्या!"

कंपनीत जायला उशीर होतोय म्हणालो आणि सटकलो. त्या दिवशी मला सुट्टी होती.