फॉर्मवरचा पत्ता

"या म्हातारीच्या तोंडावर बरोबर जाळी येते," मिस्टर सान्याल म्हणाले आणि त्यांनी पेन्सिलीचं मागचं टोक अकरा नंबरच्या डिझाइनवर टेकवलं.

टेबलापाशी ज्यूरीचे तिघे बसले होते. आमचे चीफ आर्किटेक्ट सान्याल, आर्ट कॉलेजमधून निवृत्त झालेले एक प्राध्यापक आणि दिल्लीहून आलेले एक अधिकारी. नंबराप्रमाणे एकेक डिझाइन समोर ठेवायचं आणि उचलायचं, एवढंच माझं काम होतं. डिझाइनवर नाव लिहायची परवानगी नव्हती. नावं बंद पाकिटांत, कपाटात होती. तरी अकरा नंबर कुणाचं हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं.

मी एस्प्लनेडजवळच्या एका सरकारी ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर आहे. दुसऱ्याने पेन्सिलीने काढलेला नकाशा पातळ, पारदर्शक कापडावर शाईने गिरवायचा, म्हणजे त्यावरून निळे ब्लूप्रिंट काढता येतात. चांगल्या ट्रेसरची खूण अशी की रेघ कुणाच्या हातची आहे हे ओळखू येत नाही. माझी रेघ त्या अर्थाने उत्तम आहे. त्याआधी मी आर्ट कॉलेजात पाच वर्षं पेंटिंग शिकले.

त्या वर्षी नव्या सरकारी इमारतीच्या प्रवेशाच्या हॉलमध्ये म्युरल करायचं ठरलं. म्युरल म्हणजे भिंतीवरच कायमचं काढलेलं चित्र. शहरातल्या कुणाही चित्रकाराने फॉर्म भरून डिझाइन पाठवावं, असं जाहीर झालं. आमच्याबरोबर शिकलेली मुलं तेव्हा सिनेमाची बोर्डं रंगवत होती, कॅलेंडरं काढत होती, शाळेत ड्रॉइंग शिकवत होती. आमच्या वयाच्या कुणाला एवढी भिंत कोणी देऊ केली नव्हती. एक अट होती: ऑफिसच्या कर्मचाऱ्यांना भाग घेता येणार नाही. त्या जाहिरातीचं प्रूफ मीच तपासलं. चूक एकही नव्हती.

अकरा नंबर रेणूचं होतं. तिच्या माणसांच्या पायांची बोटं फाकलेली असतात, जन्मभर अनवाणी चालणाऱ्यांची असतात तशी. पाच वर्षं मी तिच्या शेजारच्या ईझलवर काम केलं होतं. हेच प्राध्यापक तेव्हा आमच्या वर्गावर होते. माझ्या चित्रापाशी आले की म्हणायचे, "स्वच्छ काम आहे." तिच्या चित्रापाशी काही बोलायचे नाहीत. नुसते उभे राहायचे. त्यांच्या त्या उभं राहण्याचा मला राग यायचा.

आता जाळीचं सांगते. फॉर्म वाटून झाल्यावर इंजिनिअर लोकांनी त्याच भिंतीत हवेसाठी एक झरोका घातला. त्याला तीन फूट बाय दोन फूट लोखंडी जाळी. नकाशात असा बदल झाला की बाजूला छोटा त्रिकोण काढून त्यात एक अक्षर लिहितात. याला रिव्हिजन म्हणतात. तो त्रिकोण मीच काढला. आमचे हेड ड्राफ्ट्समन गुहबाबू म्हणाले, "मिस बापट, ज्यांनी ज्यांनी फॉर्म भरलाय त्या सगळ्यांना कॉरिजेंडम पाठवा. फॉर्मवरच्या पत्त्यावर." कॉरिजेंडम म्हणजे दुरुस्तीची चिठ्ठी. सोबत नवा ब्लूप्रिंट.

एका दुपारी मी पाकिटं लिहायला बसले. रेणूच्या फॉर्मवर बागबाजारचा पत्ता होता. फाळणीनंतर ती आई आणि भावंडांसह तिथे मामाकडे येऊन राहिली होती. पण डिसेंबरात ती सगळी जादवपूरच्या पुढच्या निर्वासितांच्या कॉलनीत गेली. नवा पत्ता मला पाठ होता, कारण आदल्याच दिवशी मी तो लिहिला होता.

आमचं मूळ घर साताऱ्याकडचं. वडील तार खात्यात, म्हणून आम्ही इथे. आई दर संक्रांतीला ओळखीच्या चार मराठी घरी तिळगूळ देते. पाचवं घर रेणूचं. त्या वर्षी आई म्हणाली, "एवढ्या लांब कोण जाणार? पार्सल करूया. पत्ता तू घाल, तुझं अक्षर टपोरं आहे." मी टपोऱ्या अक्षरात कॉलनीचा पत्ता घातला होता.

ऑफिसात मी रेणूचा फॉर्म समोर धरला. गुहबाबू म्हणाले होते, फॉर्मवरच्या पत्त्यावर. मी बागबाजार लिहिलं. हात अडखळला नाही. कुणी तपासलं असतं तरी त्यात चूक निघाली नसती.

आठवड्याने ते पाकीट परत आलं. वर लाल पेन्सिलीने लिहिलं होतं, घर सोडून गेले. त्याच संध्याकाळी घरी आईच्या नावाने रेणूचं पोस्टकार्ड आलं. आईने मला वाचायला लावलं. रेणू आईला माशीमा, म्हणजे मावशी, म्हणते. 'माशीमा, तिळाचे लाडू पोचले. भावंडांनी एका दिवसात संपवले. मला दोन मिळाले.' आई म्हणाली, "बघ, पोस्ट किती चोख आहे." मी हो म्हणाले. डिझाइन द्यायला अजून दोन आठवडे होते. मी ते पाकीट ड्रॉवरच्या तळाशी, जुन्या निबांच्या डबीखाली ठेवलं.

तर ज्यूरी.

"पण चित्र हेच आहे," प्राध्यापक म्हणाले.

"असेल. बाकी सगळ्यांनी जाळी दाखवलीय," सान्याल म्हणाले. "कॉरिजेंडम पाळलं नाही तर डिझाइन बाद. नियमात आहे."

"मग सात नंबर घ्या," दिल्लीचे अधिकारी म्हणाले. "सात नंबरमध्ये कुणाला न आवडण्यासारखं काही नाही."

सान्यालांनी मला खूण केली. मी अकरा नंबर उचललं आणि बाद झालेल्या गठ्ठ्यावर पालथं ठेवलं. चहा आला. चहा संपेपर्यंत मला बरं वाटत होतं. खरं सांगायचं तर फार बरं वाटत होतं.

प्राध्यापक कप घेऊन माझ्यापाशी आले. त्यांनी अकरा नंबर पुन्हा सुलटं केलं. फेरीघाटावर लाँचची वाट बघणारी माणसं, मधोमध एक म्हातारी.

"तुम्ही माझ्या वर्गात होतात ना?"

"हो, सर."

"तुम्ही या जाळीचं काय केलं असतं?"

उत्तर माझ्याकडे तयार होतं. भाग घेता येत नसूनही मी महिनाभर घरी त्या भिंतीची स्केचेस करत होते. "वेल काढून झाकली असती."

त्यांनी मान हलवली. "स्वच्छ दिसलं असतं." मग अकरा नंबरकडे बघत म्हणाले, "ज्याने हे काढलंय त्याने काय केलं असतं, हे कळायला हवं होतं."

तेच मलाही कळायला हवं होतं. पुढे मी जे केलं त्याला लोक प्रामाणिकपणा म्हणतील, म्हणून हे आधीच सांगून ठेवते.

मी ड्रॉवर उघडला आणि पाकीट घेऊन गुहबाबूंकडे गेले.

"एक कॉरिजेंडम परत आलं होतं."

त्यांनी पाकीट फिरवून पाहिलं. "केव्हा?"

"दोन आठवड्यांपेक्षा जास्त झाले."

"पत्ता फॉर्मवरचाच आहे?"

"हो."

"मग आपली बाजू बरोबर आहे. फाइलला लावून टाका."

"मला नवा पत्ता माहीत होता, गुहबाबू."

त्यांनी चष्मा काढला आणि धोतराच्या टोकाने पुसत बसले. "हे मी ऐकलं नाही, मिस बापट. ऐकलं तर मला लिहावं लागेल. तुम्ही एवढीच नोट द्या: पत्र परत आलं, पुन्हा पाठवायचं राहून गेलं."

"राहून गेलं नव्हतं."

"ऑफिसात सगळं राहूनच जातं. लिहा."

मी लिहिलं. गुहबाबूंनी नावाची पाकिटं तपासून परत आलेलं पत्र अकरा नंबरचंच असल्याची खात्री केली आणि नोट आत नेली. सान्याल त्रासले, पण दुरुस्ती पोचलीच नाही म्हटल्यावर डिझाइन बाद करता येईना. डिझाइन सुधारायला एक आठवडा मिळाला. या वेळी पत्र मी कॉलनीच्या पत्त्यावर पाठवलं.

रेणू ब्लूप्रिंट न्यायला आली. चपलांवर धूळ, खांद्याला तीच कॉलेजातली झोळी. "की रे, मालती," असं नेहमीसारखं बंगालीत म्हणत ती माझ्या टेबलाशी वाकली. मी फाइल उघडून सही कुठे करायची ते दाखवलं. शेजारच्याच पानावर ते पाकीट टाचलेलं होतं. तिने सही केली आणि पेन तसंच धरून पाकिटाकडे पाहिलं.

"तुझं अक्षर."

"हो."

तिने पोस्टाच्या शिक्क्यावरची तारीख वाचली. "लाडू आले त्याच आठवड्यातलं."

खोलीत बाकीच्या ट्रेसरांच्या निबांचा आवाज येत होता. रेणूने फाइल मिटून माझ्याकडे सरकवली.

"जाळी जमिनीपासून किती उंच?"

"साडेसात फूट."

"बरं," ती म्हणाली आणि ब्लूप्रिंट झोळीत घालून गेली.

आठवड्याने डिझाइन आलं. तिने जाळी झाकली नव्हती. ती जाळी म्हणजे किनाऱ्याला लागणाऱ्या लाँचच्या केबिनची खिडकी झाली होती. म्हातारी डावीकडे सरकली होती, आणि घाटावरची सगळी माणसं त्या काळ्या खिडकीत आपलं कुणी दिसतंय का ते बघत होती. प्राध्यापक त्याच्यासमोर उभे राहिले. कुणी सात नंबरचं नाव काढलं नाही.

भिंत रेणूला मिळाली. कामाचा शेवटचा नकाशा ट्रेसिंगला माझ्याकडे आला. तिच्या माणसांची फाकलेली बोटं मी एकेक करून शाईने गिरवली. खाली कोपऱ्यात ट्रेसर म्हणून माझी आद्याक्षरं आहेत. आजही कामानिमित्त त्या हॉलमधून जाते तेव्हा भिंतीत काही चुकलंय का ते बघते. अजून सापडलं नाही.

या गोष्टीला तीन संक्रांती झाल्या. तिळगुळाच्या पार्सलवर पत्ता मीच घालते. उलट पोस्टकार्ड येतं, आईच्या नावाने. आई ते मोठ्याने वाचायला लावते आणि विचारते, "तुझ्यासाठी काही नाही का लिहिलं?" मी म्हणते, जागा पुरली नसेल.

ऑफिसची पत्रं मी अजूनही फॉर्मवरच्या पत्त्यावरच पाठवते. नियम तोच आहे. फक्त परत आलेलं पाकीट त्याच दिवशी गुहबाबूंच्या टेबलावर ठेवते. ड्रॉवरमध्ये आता फक्त निब असतात.