खोडलेल्या बाई

एकवीस ठिकाणी! बोट ठेवून मोजलं मी. एकवीस ठिकाणी 'बाई' खोडून 'प्रोफेसर' केलंय, आणि त्यांच्या आईचा परिच्छेद तर मुळापासून उपटलाय. मला विचारलं नाही, सांगितलं नाही. छापायच्या आधी एकदा नजर टाका म्हणून कागद पाठवले. मी नजर टाकली तर माझ्याच लेखात मला माझ्या बाई सापडेनात. हातातली इस्त्री तशीच राहिली आणि टेबलक्लॉथवर तपकिरी डाग पडला. सोळा वर्षांत पहिला.

म्हणून लेख पुन्हा पहिल्यापासून लिहितेय, तक्रारीसकट. आता हाच छापायचा.

वाचणाऱ्यांना सगळं माहीत नसणार. हेडविगबाई म्हणजे इथे न्यू जर्सीत, आमच्या धर्मशास्त्राच्या कॉलेजात आयुष्यभर शिकवलेल्या जर्मन बाई. पाद्री व्हायला येणाऱ्या पोरापोरींना त्या सांगायच्या, की धर्मग्रंथ पुरुषांनी लिहिले, पुरुषांनीच समजावले, आणि त्यातल्या बायका आत स्वयंपाकघरात राहून गेल्या. त्यांना बाहेर आणा, त्यांची नावं शोधा. याला फेमिनिस्ट थिऑलॉजी म्हणतात. मला तो शब्द धड म्हणायला दोन वर्षं लागली. येत्या महिन्यात बाईंना पंचाहत्तर पुरी होतात, म्हणून त्यांची विद्यार्थिनी श्रेया हा गौरवग्रंथ काढतेय. श्रेया इथेच जन्मलेली, आईवडील नागपूरचे. ज्याला जी भाषा येते त्या भाषेत लिहा, शेजारच्या पानावर मी इंग्रजी करीन, हे तिचंच म्हणणं. मी त्या कॉलेजच्या लाँड्रीत काम करते. राहते आयसेलिनला, शाळा सातवीपर्यंत. माझ्याकडून गोडगोड येणार नाही हे तिला माहीत होतं.

कागद बघून मी तिला तिथल्या तिथे फोन लावला.

"मावशी, आय ॲम सो सॉरी, पण बाई म्हणजे मेड ना?"

"कोणी सांगितलं तुला?"

"नागपूरला आजीकडे भांडी घासायला यायची, तिला सगळे बाई म्हणायचे. प्रोफेसरना असं कसं म्हणायचं? शी इज अ स्कॉलर, मावशी!"

"आणि शाळेत शिकवते तिला काय म्हणतात?"

"...मिस?"

कपाळ माझं! पण तिला तरी किती बोलायचं. तिने मराठी शाळा पाहिलीच नाही. तिच्या मराठीत बाई एकच, आजीच्या मोरीत बसलेली. आणि त्याच शब्दापाशी माझी आणि हेडविगबाईंची ओळख झाली, म्हणून तीच आधी सांगते.

मला कामाला लागून आठवडा झाला होता. कॉलेजात समारंभ होता आणि कपाटातले टेबलक्लॉथ मेलेल्या माशासारखे लुळे. मी घरून भाताची पेज गाळून आणली आणि खळ करून इस्त्री करत बसले. दारात एक उंच, पिकल्या केसांच्या बाई येऊन उभ्या राहिल्या. कापड दोन बोटांत चुरून बघितलं आणि विचारलं, "बटाट्याची?" मी म्हटलं, तांदळाची. त्या म्हणाल्या, "बटाट्याची कडक होते. सरका." आणि माझ्या हातातून इस्त्री घेऊन अख्खा टेबलक्लॉथ, कोपऱ्याला कोपरा जुळवून, एकही चुणी न ठेवता करून दिला. मी तोंड उघडं टाकून बघत राहिले. माझी मुकादमीण धावत आली, "डॉक्टर, डॉक्टर, तुम्ही कशाला!" तेव्हा मला कळलं की या शिकवतात. मी चटकन म्हणून गेले, "सॉरी हं, बाई."

"बाई म्हणजे काय?"

माझं इंग्रजी तेव्हा लंगडंच होतं, त्यांचं पक्कं, पण अजून जर्मन वळणाचं. मी सांगितलं, शाळेत शिकवणारी ती बाई. आणि भांडी घासणारी, कपडे धुणारी, तीपण बाई.

"एकच शब्द?"

"एकच."

"मग कळतं कसं, कोणाला बोलावलं?"

"हाक मारणाऱ्याच्या आवाजावरून कळतं."

त्या साबणाच्या डब्यावर मटकन बसल्या. मला वाटलं चक्कर आली, मी पाणी आणायला धावले. पाणी पिऊन म्हणाल्या, "मला हाच शब्द पाहिजे. तुम्ही मला बाईच म्हणा." आणि मग, काल आलेल्या माझ्यासारख्या अनोळखी बाईला, त्यांनी आपल्या आईचं सांगितलं.

आता तो परिच्छेद, जो उपटला गेला. त्यांच्या आईचं नाव फ्रीडा. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा पूर्वेकडून पायी आलेल्या, बरोबर एक पातेलं. उत्तरेतल्या एका खेड्यात पाद्र्याच्या घरी धुणंभांड्याला राहिल्या. काही वर्षांनी तिथेच हेडविगबाई जन्मल्या. वडील कोण हे आईने कधी सांगितलं नाही, त्यांनी कधी विचारलं नाही. धुण्याच्या खोलीवर माळा होता, तिथे दोघी झोपायच्या. पाद्र्याची मुलं टेबलावर जेवायची, या दोघी चुलीपाशी. आकडे शिकल्या त्या चर्चच्या भिंतीवर, गाण्यांचे नंबर लावतात त्या फळीवरून.

बाई सात वर्षांच्या असताना पाद्र्याने प्रवचनात सांगितलं, की येशूने शिष्यांचे पाय धुतले आणि टॉवेलने पुसले. केवढी नम्रता! सगळे माना डोलावत होते. बाहेर पडताना ही चिमुरडी पाद्र्याला विचारते, "मग तो टॉवेल कोणी धुतला?"

सगळ्या गावासमोर थोबाडीत बसली. घरी आल्यावर पाद्रीण फ्रीडाबाईंना वाट्टेल ते बोलली. फ्रीडाबाईंनी खाली मान घालून ऐकून घेतलं. मग खोलीत येऊन, वेदीवरचं कापड पिळता पिळता लेकीला म्हणाल्या, "बारा जणांचे पाय! मी असते तर तो टॉवेल उकळत्या पाण्यातच टाकला असता."

मी हसले. हे एवढं मोठं शास्त्र, ही जाडजाड पुस्तकं, परदेशातून येणारी बोलावणी, आणि मुळाशी काय, तर एक न धुतलेला टॉवेल! नंतर तर त्या दर वर्षी नव्या विद्यार्थ्यांना पहिल्या दिवशी माझ्याकडे आणायच्या. प्रत्येकाच्या हातात एक डागाळलेला नॅपकिन. "हा स्वच्छ करा, मग बोलू." एका दीडशहाण्याने रंगीत नॅपकिनवर ब्लीच ओतलं. बाई त्याला म्हणाल्या, "तुम्ही ग्रंथही असेच वाचता." श्रेयालाही विचारा, तिचा नॅपकिन मी तीनदा परत केला होता.

माणूस म्हणून कशा, तर मला गाडी त्यांनी शिकवली. माझ्या नवऱ्याने दोन दिवसांत हात टेकले होते. बाई दर रविवारी कॉलेजच्या पार्किंगमध्ये शेजारी बसायच्या. मी ब्रेक दाबताना डोळे मिटायची. त्या ओरडायच्या, "डोळे उघडा! देव बघतोच आहे, तुम्हीही बघा!" तिसऱ्या खेपेला पास झाले, तेव्हा ओक ट्री रोडवर, आपल्या लोकांच्या बाजारात, पहिली फेरी मारली ती त्यांना बसवून. मिठाईच्या दुकानासमोर गाडी लावायला मला वीस मिनिटं लागली. मागे हॉर्नवर हॉर्न. बाई शांत.

पण सगळं गोडच लिहिलं तर खोटं होईल. चार वर्षांपूर्वी त्यांच्या एका भाषणाला चहा द्यायला मी मागे उभी होते. ओळख करून देणारा म्हणाला, या एका पाद्र्याची मुलगी. मी बाईंकडे बघितलं. आता बोलतील, आता बोलतील. त्या हसून माइकपाशी गेल्या आणि म्हणाल्या, "हो, मी पाद्र्याच्या घरात वाढले." बस्स! मी ट्रे घट्ट धरला म्हणून कप वाचले. खोटं नव्हतं, घरातच वाढल्या. घरच्या नव्हत्या, एवढंच गाळलं.

कप परत करायला त्या स्वतः आल्या, नेहमीसारख्या, विसळून. मी विचारलं, "बाई, हजारो वर्षांपूर्वीच्या बायकांची नावं शोधता. फ्रीडाबाईंचं नाव तुमच्या कुठल्या पुस्तकात आहे?"

त्यांनी एक कप पुसायला घेतला. कोरडा झाला तरी पुसत होत्या.

"एकाही नाही," म्हणाल्या. "पहिल्यांदा कोणीतरी चुकून पाद्र्याची मुलगी म्हणालं आणि मी गप्प बसले. मग गप्प बसायची सवय झाली. पन्नास वर्षं. थोबाडीत मारणारा माझा बाप झाला, आणि माझी आई कुठेच नाही."

एवढ्या धीट बाई, आणि आईचं नाव घ्यायला लाजल्या! धक्का बसला, रागही आला. आणि त्या रागातच मला त्या माझ्या वाटल्या. मी तरी माझ्या मुलाच्या शाळेत काय काम करते म्हणून सांगत होते? हॉस्पिटॅलिटी.

जाताना म्हणाल्या, "माझ्याबद्दल कधी कोणी तुम्हाला लिहायला सांगितलं, तर आधी तिचं नाव लिहा. माझ्याच्याने आता होत नाही."

मी लिहिलं. श्रेयाने काढलं. का, तर फोनवर म्हणाली, "सगळीकडे पास्टर्स डॉटर छापलंय, मावशी. पीपल विल बी शॉक्ड." मी म्हटलं, बसू दे शॉक, मलाही बसला होता. बाईंनाच विचार. तर म्हणे, पुस्तक सरप्राइज आहे! चुलीत गेलं ते सरप्राइज. त्यांना दाखव हा कागद. त्या नको म्हणाल्या तर माझा लेख परत दे, मी एक शब्द बोलणार नाही. पण त्यांना न विचारता तू खोडायचं नाहीस. आईला एकदा त्यांनी स्वतः गाळलंय. दुसऱ्यांदा त्यांच्याच सत्काराच्या पुस्तकात गाळली, तर पंचाहत्तरीला त्यांनी हार तरी कोणत्या तोंडाने घालून घ्यायचा?

हेडविगबाईंचा सध्या दुखणारा गुडघा लवकर बरा होवो. शंभरी त्यांनी स्वतःच्या पायांवर चालत गाठावी, आणि तोवर लाँड्रीत येऊन माझ्या खळीला नावं ठेवावीत. देव त्यांच्या हिशेबात 'तो' असो की 'ती', जे कोणी असेल त्याच्याकडे माझं एवढंच मागणं.

आणि श्रेया, शुक्रवारी पुस्तक प्रेसला जातंय. गुरुवारी पाचला माझी शिफ्ट सुटते, त्याच्या आत उत्तर हवं. मेसेज नको, फोन कर, आणि फोनवर 'फ्रीडाबाई' म्हणून दाखव. तू कुठली बाई म्हणालीस ते मला आवाजावरून कळेल.